अकरा पत्रांच्या स्थळप्रती

३ ऑक्टोबर

महोदय,

नमस्कार-चमत्कार वगळून थेट मुद्द्यावर येतो.

आपले २४ सप्टेंबरचे पत्र टपालाने मिळाले. "वहिनींना जाऊन वर्ष होईल. तू बोलावलंस त्याप्रमाणे १९ नोव्हेंबरच्या सकाळच्या गाडीने येतो, तिकीट काढलं आहे," असे आपण त्यात लिहिले आहे. मी आपणांस कधी बोलावले? कोणत्या तारखेच्या पत्राने? तारीख कळवावी.

माझ्या नोंदीप्रमाणे मी आपणांस आजवर अकरा पत्रे पाठवली, दरवर्षी १२ ऑगस्टला एक. बारा वर्षांपूर्वी आई आपल्याकडे असताना वारली ती १२ ऑगस्टच्या पहाटे. मला कळले १३ च्या संध्याकाळी. मधल्या दीड दिवसात आपण मला दूरध्वनी का केला नाही, एवढा एकच प्रश्न त्या अकरा पत्रांत आहे. सख्खा भाऊ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देऊ शकला असता. आपण एकदाही दिले नाही. उलट दरवर्षी आपले उत्तर येई ते हवापाण्याचे, मुलीच्या परीक्षेचे, आणि वर "दादा, तुझं पत्र वाचून बरं वाटलं." मी लिहावे 'निर्लज्ज' आणि आपणांस बरे वाटावे! याला कोणी मनाचा मोठेपणा म्हणेल. मी थट्टा म्हणतो.

ही पत्रे मी तोंडी सांगत असे व माझी पत्नी टंकलिखित करून संगणकावरून पाठवीत असे. ती माझ्याच कार्यालयात टंकलेखिका होती. तिच्या कामात चूक नसे, म्हणून मी पुन्हा तपासत नसे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपासून मला बारीक अक्षर दिसतही नाही. आपली उत्तरेदेखील तीच वाचून दाखवी. यंदाचे बारावे पत्र गेले नाही, कारण टंकलेखिका नव्हती.

तिच्यामागे महिन्याभरात तो संगणकही बंद पडला. मात्र दर रविवारी दुपारी ती सगळ्या पत्रव्यवहाराची राखीव प्रत, ज्याला बॅकअप म्हणतात, एका काळ्या डबीत घेऊन ठेवी. मी नवीन संगणक विकत घेतला आहे. डबीतील पत्रव्यवहार त्यावर चढवून माझी अकराही पत्रे छापून आपल्यापुढे ठेवीन. त्यांत 'ये' असा एक शब्द सापडला तर मी माझे म्हणणे बिनशर्त मागे घेईन. तोवर आपण येऊ नये.

पत्नीच्या निधनाची सूचना आपणांस टपालाने रीतसर दिली होती. ती उशिरा मिळाल्याची तक्रार आपण केली नाहीत, याचीही नोंद आहे.

आपला,
(ज्येष्ठ बंधू)


१० ऑक्टोबर

महोदय,

काल पत्रव्यवहार चढवण्याचे काम माझ्या समक्ष झाले. मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे दुकानदारांच्या तराजूंखाली चिकटवलेली लोहचुंबके शोधण्यात गेल्यावर मनुष्य कोणाला एकट्याने काम करू देत नाही.

काम करणाऱ्या बाई कोपऱ्यावरच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीण आहेत. वय चाळिशीचे, आवाज शेजारच्या इमारतीला पुरेल असा.

"काका, डबी कुठाय?"

"मी आपला काका नव्हे," मी म्हणालो.

"बरं, साहेब. डबी कुठाय?"

डबी कपाटात लोकरीच्या मोज्यात होती. वर पत्नीच्या अक्षरात चिठ्ठी: 'दर रविवारी. शेवटची २ नोव्हेंबर.' पुढच्या रविवारी ती रुग्णालयात होती.

पासवर्ड तिच्या दूरध्वनीच्या वहीत 'प' या अक्षराखाली सापडला. कळफलकावर वर्तमानपत्र आडवे धरून मी तो एका बोटाने भरला. चार वेळा चुकला.

"साहेब, मी डोळे मिटते हवं तर," बाई म्हणाल्या, "पण पेपर माझ्याआड नाही, तुमच्याच आड येतोय."

वहीतील नोंद अशी: ११.१० प्रारंभ. १.३५ समाप्त. एकूण पत्रे एकोणीस हजार दोनशे सहा. १.४० वाजता यंत्राने एकापाठोपाठ अकरा वेळा आवाज केला, दाराखालून पाकिटे सरकवावीत तसा. मी विचारले, "हे काय?" बाई म्हणाल्या, "काही नाही, सगळं आपापल्या जागी बसतंय." अकरा ही संख्या मी अधोरेखित केली आहे.

बाईंनी पडद्यावरची अक्षरे वाटाण्याएवढी करून दिली. त्यामुळे आपली उत्तरे मी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, आणि ती मला ऐकवण्यात आली होती त्यापेक्षा लांब निघाली. तिसऱ्या वर्षी आपण लिहिता, "गच्चीवरच्या कुंड्यांत मिरच्या धरल्या हे वाचून हसलो. तू आणि बागकाम!" मी आपणांस मिरच्यांविषयी अवाक्षर लिहिलेले नाही. (मिरच्या धरल्या होत्या, हे खरे.) सहाव्या वर्षी आपण लिहिता, "आईचा चष्मा पाठवतो, तू मागितलास म्हणून." मी मागितला नव्हता. पाकीट आले तेव्हा पत्नी म्हणाली, "भाऊजींनी आपणहून पाठवलाय, बघा तरी." मी ते न फोडता खणात टाकले.

निष्कर्ष एकच निघतो. माझ्या पाठीमागे आपला व माझ्या पत्नीचा निराळा पत्रव्यवहार चालू होता. त्यात माझ्या घरातील काय काय आपल्यापर्यंत पोहोचत होते? आणि आपण तिला माझ्याविषयी काय पढवीत होता? ती आज उत्तर देऊ शकत नाही. आपण देऊ शकता.

पाठवलेल्या पत्रांचा कप्पा मी अद्याप उघडलेला नाही. उघडणे जमले नाही. हे तांत्रिक कारण समजावे. बाई मंगळवारी येऊन उघडून देणार आहेत.

आपला,
(ज्येष्ठ बंधू)


१४ ऑक्टोबर

बंधू,

काल बाईंनी संगणक सुरू केला तेव्हा सर्वांत वर आपले ९ तारखेचे पत्र होते. आपण लिहिलेले विसरला असाल तर स्मरणार्थ उद्धृत करतो:

"दादा, आज दुपारी पावणेदोनला वहिनींच्या पत्त्यावरून पत्र आलं. हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग दुसरं आलं, तिसरं आलं, अकरा आली. सगळी दोनदा वाचली. 'आईच्या मरणावर पहारा बसवणारा निर्लज्ज' म्हणजे मीच का? मग इतकी वर्षं मला मिरच्या आणि पाऊस लिहिणारा, 'जपून राहा' म्हणणारा दादा कोण होता? असो. खरा कोणता, ते आज कळलं. तिकीट रद्द करतो. तब्येतीला जप."

मी ते वाचले आणि बाईंना तिथेच म्हणालो, "आपण माझी खासगी पत्रे माझ्या परवानगीविना पाठवलीत. अकरा आवाज. माझ्याकडे वेळेसह नोंद आहे."

"मी?" बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमच्या भावाशी माझं काय वैर?"

"तेच मी विचारतो आहे. कोणी सांगितले होते? त्यांनीच?"

"अहो, ज्याला शिव्या घालायच्या तोच सांगेल का, मला शिव्या पाठवा म्हणून? बसा आधी. बसा म्हणते ना."

मी बसलो. त्यांनी एक कप्पा उघडून दाखवला. तो रिकामा होता. त्यांचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले आहे:

"ही पाठवायच्या पत्रांची रांग. काकूंनी जुन्या मशीनवर 'आपोआप पाठवू नको' असं करून ठेवलेलं होतं. तुमची पत्रं टाइप करून त्या रांगेत लावायच्या आणि तिथंच ठेवायच्या. पहिल्यापासून. रांग काही हलली नाही. डबीत घेतली ती रांगेसकट. मी इथं चढवली ती रांगेसकट. नव्या मशीनला घरातलं काय ठाऊक? त्याला नेट दिसलं, रांग दिसली, दिलं सोडून."

"हे आपणांस आधी कळायला हवे होते."

"हवं होतं. रांग रिकामी आहे का ते आधी बघायचं असतं, मी बघितलं नाही. चूक माझी. लिहा वहीत."

मी लिहिले.

"आणि त्याखाली हेही लिहा," त्या म्हणाल्या, "की काकूंनी ती खोडली नाहीत. एक बटण दाबायचं होतं. अकरा वर्षांत दाबलं नाही."

तेही लिहिले. बाईंवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. परंतु त्यांचा हिशोब जुळतो. म्हणजे मी सांगितलेले एकही पत्र गेल्या गुरुवारपर्यंत आपणांस मिळालेले नव्हते. मला आता तिचे टंकलेखन आठवते. मी खोलीत येरझारा घालीत सांगे, ती खाली मान घालून बोटे चालवी. एकदा थांबून तिने विचारले होते, "'निर्लज्ज'ला दुसरा शब्द चालेल?" मी म्हटले, नाही. "बरं. टाकते 'निर्लज्ज'." आणि तिने टाकला, शब्द न शब्द, कानामात्रेसकट. काम संपले की ती "झालं हं" म्हणे. "पाठवलं" असे ती कधीही म्हणाली नाही. मी कधी विचारले नाही.

मग दरवर्षी आपणांस बरे वाटत होते ते काय वाचून? पाठवलेल्या पत्रांचा कप्पा काल उघडला गेला. मी आजपासून वाचतो. एका दिवसात एका पत्रापेक्षा जास्त माझ्या डोळ्यांना झेपत नाही.

तिकीट रद्द केले असल्यास कळवावे. केले नसल्यास तूर्त करू नये.

(ज्येष्ठ बंधू)


२५ ऑक्टोबर

धाकट्यास,

अकरा दिवसांत अकरा पत्रे वाचून झाली.

ती माझ्या नावाने आहेत आणि माझ्या भाषेत आहेत. 'सबब' आहे, 'तरी' आहे, 'येणेप्रमाणे' सुद्धा आहे. पहिले वाचताना दोन ओळींपर्यंत मला वाटले, हे मीच सांगितले असावे. मी पेन घेऊन बसलो होतो. तिने माझ्या तोंडी घातलेल्या खोट्या वाक्यांवर खुणा करीत जाणार होतो. मिरच्यांच्या पत्रात खूण करायला काही निघाले नाही. मिरच्यांचे कौतुक मी तिच्यापाशी गच्चीवर केले होतेच. चौथ्या पत्रात आहे की धाकटा लहानपणी अंधाराला भीत असे आणि माझ्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून झोपे, सकाळी त्याला न उठवता मी सदरा काढून ठेवून शाळेत जाई. हे मी तिला एकदाच, वीज गेली असताना, सांगितले होते. आईच्या चष्म्याचेही तसेच. "आईचा चष्मा कोणाकडे असेल कोण जाणे," असे मी जेवताना म्हणालो होतो. तिने ते मागणी म्हणून नोंदवले. पाकीट मी काल फोडले. एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. तो दोरा मीच बांधला होता.

वर्षभर मी जे सहज बोलून जाई ते ती ठेवून देई आणि ऑगस्टात तुला पाठवी. मी जे ठरवून, उभा राहून, आवाज चढवून सांगे, ते रांगेत.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षीच्या ऑगस्टात, माझ्या पहिल्या पत्रानंतर दोनच दिवसांनी, तिने तुला स्वतःच्या नावाने एक पत्र लिहिले आहे. ते मी वाचेन असे तुम्हां दोघांनाही कधी वाटले नसेल. "भाऊजी, गेल्या वर्षी तुमचा फोन बारा तारखेच्या पहाटेच आला होता. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं. पालथं झोपवून दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन दिवस रडायचं नाही, खोकायचं नाही, नाहीतर पडदा पुन्हा सुटेल. मी सांगितलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा यांनी विचारलं, फोन कधी आला? माझ्या तोंडून निघून गेलं, आत्ताच. तेवढं एक वाक्य मला परत घेता आलं नाही. परवा त्यांनी तुम्हाला जे लिहायला सांगितलं ते मी लिहिलंय, पण पाठवणार नाही. ते पत्र माझं आहे, तुमचं नव्हे."

आणि तुझे उत्तर: "वहिनी, हे आपल्या दोघांतच राहू द्या. माझ्यावर रागावला तर रागावू दे, मी लांब आहे. तुमच्यावर रागावला तर तुम्हाला रोज त्याच्यासमोर ताट वाढायचंय."

एवढे ठाऊक असूनही ९ तारखेला माझी अकरा पत्रे उघडल्यावर तू मला "फोन मी केला होता" असे एका ओळीनेही लिहिले नाहीस. तेव्हाही तिला सांभाळलेस. ती जिवंत नसताना.

मी बाजारातला प्रत्येक काटा उलटा करून पाहिला. दुरुस्तीवाल्या बाईंवर संशय घेतला, पोस्टमनवर घेतला, तुझ्यावर तर एक तप घेतला. घरातील एकच माप मी कधी तपासले नाही, कारण ते चुकणार नाही याची खात्री होती. माझ्या व्यवसायात काट्याला लावलेला पासंग म्हणजे लबाडी. मी त्यासाठी दुकाने बंद केलेली आहेत. काटा मुळातच एका अंगाला झुकलेला असेल तर काय करावे, हे आमच्या नियमपुस्तकात नाही.

तिच्यावर रागावण्याचा प्रयत्न मी दोन दिवस करून पाहिला.

आणखी एक नोंद करायची राहिली आहे. ३ ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिले की तिच्या निधनाची सूचना तुला रीतसर दिली. सूचना मी त्याच दिवशी लिहिली होती. टपालात टाकली पंधरा दिवसांनी. ती रोज सकाळी टेबलावर दिसे आणि मी रोज म्हणे, अजून नको. याने मला दीड दिवस थांबवले, मी याला पंधरा थांबवीन. तुला तिचे शेवटचे दर्शन मी घेऊ दिले नाही. तू तक्रार केली नाहीस, म्हणून मी तुझ्यावर अधिकच संशय घेतला.

तिकिटाचे काय झाले, कळव.

दादा


६ नोव्हेंबर

धाकट्यास,

तुझे उत्तर आले नाही. येण्याची अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही, तरी रोज पेटी उघडून पाहतो. दोन्ही पेट्या, दारावरची आणि संगणकातली.

कार्यालयात आमचा एक नियम होता. पत्र कोणीही लिहो, कोणीही टंकलिखित करो. आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, म्हणजे स्थळप्रतीवर, अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय ते पत्र कार्यालयाचे नसते. बाहेर गेलेले असले तरी नसते. या नियमासाठी मी माणसांना धारेवर धरले आहे, तुझ्या वहिनीलाही, लग्नाच्या आधी. तेव्हा ती म्हणाली होती, "साहेब, पत्र पोचून उत्तरसुद्धा आलं. आता सही कशाला?"

काल बाईंच्या दुकानात जाऊन तिने तुला पाठवलेली अकराही पत्रे मोठ्या अक्षरांत छापून आणली. बाई म्हणाल्या, "काका, ही भावाला परत कशाला? त्यांच्याकडे आहेत की." मी म्हणालो, सह्या राहिल्या आहेत. त्यांनी कागदांना टाचणी लावून दिली. मी काका म्हणण्यास हरकत घेतली नाही.

आज सकाळी सह्या करायला बसलो. दहा झाल्या. दहाही पत्रांत असे एक वाक्य नाही जे मी केव्हा ना केव्हा बोललेलो नाही. अकरावे तिने आजारात लिहिले आहे. त्याचा शेवट असा: "तुझ्या वहिनीला हल्ली बरे नसते. ती असो वा नसो, पुढच्या वर्षी पाऊस सरला की ये. मी नको म्हटले तरी ये."

हे मी कधीही म्हटलेले नाही. तिच्यापाशी नाही, झोपेत नाही. माझ्या ३ ऑक्टोबरच्या पत्रातील आव्हान तुला आठवत असेल: 'ये' असा एक शब्द सापडला तर. तो दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा तिचा आहे. मी पेन खाली ठेवले. चहा केला. दोन कप केला, हे ओतताना लक्षात आले.

मग सही केली. तारीख मागची घातली नाही, आजची घातली. म्हणजे ते वाक्य आजपासून माझे.

अकराही स्थळप्रती सोबत जोडल्या आहेत. मी सांगितलेली ती दुसरी अकरा पत्रे तुझ्याकडे राहू देत किंवा फाडून टाक. त्यांवर माझी सही नाही आणि होणार नाही.

तू तिकीट ठेवलेस की रद्द केलेस, हे आता विचारत नाही. १९ तारखेला सकाळच्या गाडीला मी स्थानकावर असेन. ज्या जिन्याने माणसे बाहेर पडतात त्याच्या पायथ्याशी, डाव्या हाताला. अंगात उभ्या रेघांचा निळा सदरा असेल. गर्दीत मला चेहरे ओळखू येत नाहीत, तेव्हा मी तुला शोधू शकणार नाही. तू मला हाक मार.

दादा